आश्वासनाचे व्याकरण आणि श्रोत्याचे अवधान

मराठीत वक्तृत्वाचा विचार झाला तो प्रायः वक्त्याच्या बाजूने. शिवराम महादेव परांजपे ह्यांचे व्याजोक्तिपूर्ण भाषण, आचार्य अत्र्यांचा संयुक्त महाराष्ट्राच्या काळातील शब्दमारा, कॉम्रेड डांग्यांची मुद्देसूद आक्रमकता ह्यांविषयी आपल्याकडे आठवणींचा मोठा साठा आहे. ह्या साठ्यात श्रोता येतो तो संख्येच्या रूपाने. मैदान भरले होते, टाळ्यांचा कडकडाट झाला, लोक रात्री उशिरापर्यंत हलले नाहीत, एवढीच त्याची नोंद. तो काय ऐकत होता, ऐकलेल्याचे त्याच्या मनात काय होत होते, कोणत्या शब्दाशी तो थबकला, ह्याची विचारणा समीक्षेने केलेली नाही. भाषण ही संहिता आहे, हे मान्य करण्यासच आपण फारसे राजी नसतो. मग तिच्या ग्रहणाचा विचार दूरच राहिला.

आज मात्र तो विचार करणे भाग आहे. राजकीय भाषणांवरील आणि ती करणाऱ्या नेतृत्वावरील लोकांचा विश्वास उडाला आहे, हे विधान चहाच्या टपरीपासून चर्चासत्रापर्यंत सर्वत्र ऐकू येते. विधान खोटे नाही; परंतु ते ज्या अर्थाने केले जाते तो अर्थ अपुरा आहे. विश्वास उडणे म्हणजे ऐकणे थांबणे, उदासीन होणे, असे त्यात गृहीत धरलेले असते. माझ्या मते पश्चिम विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या बाबतीत तरी झाले आहे ते वेगळे. त्याने ऐकणे थांबविलेले नाही. तो वाक्याचे व्याकरण तपासू लागला आहे. गेल्या दोन दशकांत त्याच्या वाट्याला इतक्या घोषणा आल्या, की क्रियापदाचा कर्ता कोण, क्रियाविशेषण कोणते आणि काळ कोणता, हे प्रश्न त्याला सवयीचे झाले. ज्याला आपण भ्रमनिरास म्हणतो तो पुष्कळ अंशी वाचनाचा एक प्रकार आहे.

वक्ता आणि श्रोता ह्यांच्या संबंधाची मराठीतील सर्वांत जुनी आणि सर्वांत सूक्ष्म मांडणी ‘ज्ञानेश्वरी’त आहे, हे येथे आठवले पाहिजे. नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे अवधान मागतात आणि ते दिल्यास सर्व सुखास पात्र व्हाल, असे प्रतिज्ञेवर सांगतात. ह्या मागणीची रचना लक्षणीय आहे. वक्ता स्वतःला बांधून घेतो. त्याच वेळी आपले बोलणे श्रोत्यावाचून उभे राहणार नाही, हेही कबूल करतो. लगेच पुढे तो आपल्या धिटाईबद्दल सर्वज्ञ श्रोत्यांपुढे लीन होतो. म्हणजे प्रतिज्ञा करणारा येथे वरच्या पायरीवर उभा नाही. प्रतिज्ञा आणि लीनता एकाच श्वासात येतात. अवधान ही श्रोत्याची मालमत्ता आहे. ती वक्त्याला उसनी मिळते. व्यासपीठाची उंची वाढत गेली तसतसा हा हिशेब विसरला गेला.

आता ‘प्रतिज्ञा’ ह्या शब्दाच्या जागी राजकीय व्यवहारात आपण कोणता शब्द वापरतो ते पाहावे. आपण ‘आश्वासन’ म्हणतो. संस्कृतात आश्वासन म्हणजे धीर देणे, दुःखिताला श्वास घेता येईल असे करणे. त्यात सांत्वन आहे; बांधिलकी असेलच असे नाही. मराठीने हा शब्द ‘वचन’ ह्या अर्थी स्वीकारला आणि त्याबरोबर एक संदिग्धताही स्वीकारली. मंत्री आश्वासन देतो तेव्हा तो स्वतःला बांधून घेतो, की समोरच्याला धीर देतो? श्रोता पहिला अर्थ घेतो. वक्त्याला वेळ आली की दुसऱ्या अर्थाच्या आडोशाला जाता येते.

ऑस्टिन ह्या तत्त्वज्ञाने वचन देणे ही कृती मानली. ‘मी वचन देतो’ हे वाक्य कशाचे वर्णन करीत नाही. ते उच्चारताच काहीतरी घडते. मात्र ते घडण्यासाठी बोलणारा अधिकारी असावा लागतो, प्रसंग योग्य असावा लागतो, हेतू प्रामाणिक असावा लागतो. ऑस्टिनची १९५५ सालची व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर १९६२ मध्ये ग्रंथरूपाने आली आणि त्यावर आपल्याकडेही पुष्कळ लिहिले गेले. परंतु आपल्या संसदेने तोच प्रश्न त्याच्याही आधी व्यवहारात सोडवावयास घेतला होता, ह्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेलेले नाही. लोकसभेची शासकीय आश्वासन समिती १९५३ साली स्थापन झाली. मंत्र्याने सभागृहात उच्चारलेली कोणती वाक्ये आश्वासन मानावीत, ह्याची एक यादीच संसदेने केलेली आहे. बाब विचाराधीन आहे, मी त्यात लक्ष घालीन, अशा धर्तीची वाक्ये तीत आहेत. वाक्य आश्वासन ठरले की ते पूर्ण झाले की नाही, ह्याचा पाठपुरावा समितीने करावयाचा. महाराष्ट्र विधिमंडळातही अशी समिती आहे. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने ती यादी जरूर पाहावी. संभाषणविश्लेषणाचा असा नमुना आपल्या विद्यापीठांनी तयार केलेला नाही. परंतु समितीचा अधिकार सभागृहाच्या भिंतीपाशी संपतो. मैदानावर उच्चारलेल्या त्याच वाक्याला कोणतीही समिती नाही.

तेथे समितीचे काम लोक करतात, आणि त्यांच्याजवळ त्यासाठी स्वतःचे सूत्र आहे: लबाडाघरचे आवतण जेवल्याशिवाय खरे नाही. ह्या म्हणीचा आपण नेहमी अर्धाच अर्थ घेतो. ती आमंत्रण नाकारीत नाही. आमंत्रण देणारा लबाड आहे हे ठाऊक असूनही ती जेवणाची शक्यता मोकळी ठेवते. केवळ विश्वासाची वेळ पुढे ढकलते. पानावर बसावे, पण आवतणावर पोट भरले असे समजू नये. शेतकऱ्याचा भ्रमनिरास म्हणतात तो ह्या स्वरूपाचा आहे. तो सभेला जातो, यादीत नाव आहे का पाहतो, अर्ज भरतो. खरे मानतो ते जेवल्यावर.

ह्या अवस्थेला तो कसा पोहोचला, हे पाहण्यासाठी भाषणांच्या भाषेचाच माग काढला पाहिजे. डिसेंबर २००५ मध्ये विलासराव देशमुख ह्यांच्या सरकारने अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा, यवतमाळ आणि वर्धा ह्या सहा जिल्ह्यांसाठी १०७५ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग ह्यांनी विदर्भाच्या दौऱ्यात त्याच सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींची घोषणा केली. ह्या दोन घोषणांबरोबर ‘पॅकेज’ हा शब्द खेड्यापाड्यांत शिरला. त्याआधी विदर्भाच्या गाऱ्हाण्याला जो शब्द होता तो ‘अनुशेष’. दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालाने तो रूढ केला होता. शब्द जड आहे, पण त्यात हिशेब आहे: कोणीतरी कोणाचे तरी देणे लागते. ‘पॅकेज’मध्ये देणे लागणारा कोणी नाही, बांधून आणलेले एक गाठोडे आहे, आणि ते वरून येते. हक्काच्या शब्दाची जागा कृपेच्या शब्दाने घेतली. गाठोड्यात काय निघाले, ह्याचे एकच उदाहरण पुरे. अधिक दूध देणाऱ्या गाई कोरडवाहू शेतकऱ्यांना वाटण्यात आल्या. त्यांच्या चाऱ्यापाण्याची सोय त्या शेतात नव्हती. कागदावर योजना पूर्ण झाली.

२९ फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पीय भाषणात देशभरातील शेतकऱ्यांसाठी ६०,००० कोटींची कर्जमाफी आली. ती पूर्ण माफी दोन हेक्टरांपर्यंतच्या धारकांना होती. त्यावरील धारकांना एकरकमी परतफेडीवर सवलत. विदर्भातील कोरडवाहू जमीनधारणा मोठी असते आणि उत्पन्न थोडे, ही साधी गोष्ट त्या वाक्यात मावली नाही. आत्महत्यांमुळे ज्या प्रदेशाचे नाव पुढे करण्यात आले होते, त्यातीलच पुष्कळ शेतकरी मर्यादेबाहेर राहिले. भाषण ऐकताना ‘शेतकरी’ हा शब्द सर्वांना सामावणारा वाटला होता. अंमल होताना त्याला कंस पडला. श्रोत्याने येथे पहिला धडा घेतला. नामाचा अर्थ भाषणात ठरत नाही, तो निकषात ठरतो.

दुसरा धडा २०१७ चा. पुणतांब्याहून पुकारलेला शेतकऱ्यांचा संप १ जूनला सुरू झाला. ११ जून रोजी मंत्रिगटाशी झालेल्या चर्चेनंतर कर्जमाफी मान्य झाल्याचे सांगण्यात आले. ती ‘सरसकट’, ‘तत्त्वतः’ आणि ‘निकषांसह’ मान्य झाली होती. मराठी गद्याच्या इतिहासात तीन शब्द एकमेकांच्या इतके विरोधात क्वचितच उभे राहिले असतील. सरसकट म्हणजे निवड न करता. निकषांसह म्हणजे निवड करून. आणि तत्त्वतः हा त्या दोहोंच्या मध्ये बसविलेला पडदा. ‘तत्त्वतः’ हा वस्तुतः आपल्या परंपरेतला थोर शब्द. वेदान्तात तो दिसण्यामागील असण्याकडे नेतो. शासकीय मराठीत त्याची दिशा उलटली. तत्त्वतः मान्य म्हणजे मान्य आहे असे दिसते, प्रत्यक्षात काय ते पुढे पाहू. विरोधकांनी ह्या शब्दांची भरपूर थट्टा केली. वर्तमानपत्रांतील व्यंगचित्रकारांनाही खाद्य मिळाले. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की गावच्या पारावर बसणाऱ्या माणसांनीही हे शब्द सुटे करून पाहिले. २४ जून रोजी ३४,०२२ कोटींची ‘ऐतिहासिक’ योजना जाहीर झाली तेव्हा दीड लाखाची मर्यादा, ऑनलाइन अर्ज, कुटुंबाची व्याख्या ह्यांची विचारणा घोषणेबरोबरच सुरू झाली. विशेषणाकडे कोणी पाहिले नाही.

तिसरी गोष्ट क्रियापदाची. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर शासनाचा कारभार मराठीत आणण्याचा प्रयत्न झाला आणि त्यातून एक प्रशासकीय गद्य घडले. ‘करण्यात येईल’, ‘देण्यात येत आहे’, ‘कार्यवाही करण्यात यावी’ ही त्याची ठेवणीतली रूपे. इंग्रजीच्या कर्मणी रचनेच्या छायेत वाढलेल्या ह्या वाक्यांत कर्त्याला जागाच नसते. शासननिर्णयात हे समजण्यासारखे आहे. शासन ही व्यक्ती नव्हे. पण हीच रचना मैदानावर आली, आणि समोर उभा असलेला, हात वर करून बोलणारा, हारतुरे घेतलेला माणूस स्वतःच्या वाक्यातून नाहीसा झाला. ‘कालव्याचे काम पूर्ण करण्यात येईल’ असे तो म्हणतो तेव्हा देह व्यासपीठावर असतो आणि कर्ता कोठेच नसतो. त्याच भाषणात श्रेयाचे वाक्य येते तेव्हा मात्र कर्ता धावत परत येतो: ‘आम्ही रस्ता केला’.

‘आम्ही’वरून आठवले. मराठीचे एक वैभव हे की तिच्यात दोन प्रकारचे ‘आम्ही’ आहेत. ऐकणाऱ्याला वगळणारा ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारा ‘आपण’. इंग्रजीला आणि हिंदीला ही सोय नाही. राजकीय वक्ते हा भेद अत्यंत कौशल्याने वापरतात. केले ते आम्ही. सोसावयाचे ते आपण. निधी आम्ही आणला. काटकसर आपण केली पाहिजे. ह्या वाटणीचा अभ्यास कोणी भाषणांच्या ध्वनिफिती घेऊन करील तर एक चांगला प्रबंध होईल. आमच्या विद्यापीठांतून दर वर्षी निघणाऱ्या ‘अमुक लेखकाच्या कादंबऱ्यांतील ग्रामजीवन’ ह्या प्रबंधांपेक्षा तो निश्चित उपयोगी ठरेल.

हे सारे पुस्तकी वाटू नये म्हणून एक प्रसंग नोंदवितो. बीबी हे लोणार तालुक्यातील, मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. बुलडाणा जिल्ह्यात घाटावरचा आणि घाटाखालचा असा भेद करतात. बीबी घाटावर येते आणि पलीकडे मराठवाडा लागतो, त्यामुळे येथील बोलीत वऱ्हाडी आणि मराठवाडी एकमेकींत मिसळतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेच्या प्रचाराच्या दिवसांत मी तेथे एका हॉटेलात बसलो होतो. बाहेर प्रचाराची गाडी उभी होती आणि ध्वनिमुद्रित भाषण चालू होते. आत बोलणे चालले होते सोयाबीनच्या ओलाव्याचे. त्या हंगामातील हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये. बाजारातला भाव त्याहून बराच खाली. हमीभावाच्या खरेदीसाठी ओलाव्याची अट बारा टक्क्यांची. ती पंधरापर्यंत शिथिल करण्याची हालचाल त्याच सुमारास झाली. भाषणात सोयाबीनला सहा हजारांचा भाव देण्याचे वाक्य आले. महायुतीच्या प्रचारात तेव्हा हे वाक्य होते. कोपऱ्यातला एक वयस्क शेतकरी कप खाली ठेवून म्हणाला, “करीन म्हन्तो. पन कोन करीन?” हसे पिकले आणि बोलणे पुन्हा ओलाव्यावर गेले.

विनोद कशात आहे, हे प्रमाण मराठीच्या वाचकाला चटकन कळणार नाही. प्रमाणभाषेत ‘मी करीन’ आणि ‘तो करील’ ही रूपे वेगळी आहेत. ह्या भागातील बोलीत तृतीय पुरुषीही ‘करीन’ असेच रूप येते: तो येईन, तो जाईन, तो करीन. वक्त्याने दिलेले वचन श्रोत्याच्या बोलीत पडताच त्याचा पुरुष निसटतो. ‘करीन’ म्हणजे मी की तो? बोलीतील ही संदिग्धता मुळात निरागस आहे. तिचा उपयोग त्या माणसाने वाक्याची झडती घेण्यासाठी केला. भाषणाच्या गाडीपाशी थांबलेल्या माणसाला आपण उदासीन म्हणतो, पण कर्ता हरवल्याचे त्याला समजलेले असते.

मराठी साहित्याने ह्या माणसाला किती जागा दिली? पुढारी आपल्या साहित्यात मुबलक आहे. पु. ल. देशपांडे ह्यांच्या ‘पुढारी पाहिजे’पासून वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’पर्यंत लोकनाट्याने सत्ताधाऱ्याच्या बोलण्याची यथेच्छ खिल्ली उडविली. ग्रामीण विनोदी कथेतही भाषण करणारा सरपंच, आमदार हे ठरलेले पात्र झाले: अडखळणारा, चुकीचे संस्कृत शब्द वापरणारा, टोपी सावरणारा. ह्या परंपरेचे ऋण मान्य करूनही एक गोष्ट म्हटली पाहिजे. तिने भाषणाला हास्यास्पद केले आणि त्यामुळे ते निरुपद्रवी झाले. ज्याचे उच्चार चुकतात त्याला हसता येते. ज्याचे उच्चार स्वच्छ आहेत आणि ज्याच्या वाक्यात कर्ता नाही, त्याचे काय करावे, हे लोकनाट्याला सुचले नाही. शिवाय हसणारा प्रेक्षक शहरी होत गेला आणि विनोदाचा रोख नकळत पुढाऱ्याच्या खेडवळपणाकडे वळला. त्यात पुढाऱ्यापेक्षा त्याच्या श्रोत्याचाच अधिक अपमान होता.

अरुण साधूंनी ‘मुंबई दिनांक’ (१९७२) आणि ‘सिंहासन’ (१९७७) ह्या कादंबऱ्यांत राजकारणाला गांभीर्याने घेतले. तेथे राजकारण बंगल्यांत, दूरध्वनीवर, गटांच्या बैठकांत घडते. सत्ता मैदानावर ठरत नाही, हे त्यांचे निदान त्या काळापुरते अचूक होते. परंतु त्याची किंमत अशी की सभेतला माणूस कादंबरीतून गळून गेला. वार्ताहर साक्षीदार झाला, श्रोता झाला नाही.

ह्या पार्श्वभूमीवर सदानंद देशमुख ह्यांच्या ‘बारोमास’ (२००२) ह्या कादंबरीकडे पुन्हा पाहावेसे वाटते. लेखक बुलडाणा जिल्ह्यातले, कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला, आणि तिच्यावर लिहिले गेले ते बहुतेक ‘शेतकऱ्याची शोकांतिका’ ह्या मथळ्याखाली. उच्चशिक्षित एकनाथ, नोकरीसाठी मागितली जाणारी रक्कम, कोरडवाहू शेती, खचणारे वडील, वाट चुकणारा भाऊ, घर सोडून जाणारी बायको हा तपशील सर्वांना ठाऊक आहे. मला त्यात दिसते ती एक विलक्षण वाटणी. सरकार ह्या घरात येते ते भावातून, कर्जातून, संस्थाचालकाच्या मागणीतून. आश्वासक वाणीतून नव्हे. पुढाऱ्याला टोपी सावरावयास लावून लेखकाने सूड उगविलेला नाही. कादंबरीचा जीव घरातल्या माणसांच्या आपापसांतील बोलण्यात आहे, आणि ते बोलणे दिवसेंदिवस एकमेकांवर उलटत जाते. बाहेर बोलल्या गेलेल्या शब्दांना मोल उरले नाही की घरातल्या शब्दांवरही त्याचा परिणाम होतो. नवरा बायकोला, बाप मुलाला ‘पुढच्या साली करू’ म्हणतो तेव्हा तेही आश्वासन वाटू लागते आणि ऐकणाऱ्याचा चेहरा तसाच बंद होतो. सार्वजनिक भाषेच्या अवमूल्यनाची खरी झळ अशा ठिकाणी लागते. ‘बारोमास’चे हे अंग आपल्या समीक्षेने दुर्लक्षिले आहे.

भाषणाची दुसरी एक परंपरा महाराष्ट्रात होती, हे विसरता येत नाही. १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट ह्यांच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीत जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि सत्तेच्या प्रतिनिधीसमोर बोलले. तेथे भाषणाची दिशाच उलटी होती. ती खालून वर जात होती. गाडगेमहाराजांचे कीर्तन वऱ्हाडी बोलीतील प्रश्नोत्तरांवर उभे असे. ते विचारीत आणि समुदाय उत्तर देई; ध्वनिमुद्रणात हे आजही ऐकता येते. श्रोत्याच्या उत्तरावाचून पुढचे वाक्य निघत नसे. आणि १९८० नंतर शरद जोशींनी ‘माझ्या शेतकरी भावांनो, मायबहिणींनो’ अशी साद घालून उत्पादनखर्चाचे गणित लाखोंच्या सभांत मांडले. ‘भीक नको, घेऊ घामाचे दाम’ ह्या शेतकरी संघटनेच्या घोषणेतील क्रियापद पाहा. ‘घेऊ’. प्रथम पुरुष, अनेकवचन, आणि त्यात ऐकणारा सामील आहे. ‘देण्यात येईल’ ह्या रूपाला ह्याहून नेमके उत्तर सापडणार नाही. वक्त्याने काही देऊ केलेले नव्हते म्हणून त्याच्यावर अविश्वास दाखविण्याचे कारणही नव्हते. संघटनेत पुढे फुटी पडल्या, जोशी २००४ साली राज्यसभेत गेले, त्यांच्या आर्थिक मतांविषयी तीव्र मतभेद झाले आणि आहेतही. परंतु विदर्भातील एका पिढीने ऐकण्याचे शिक्षण ह्या सभांतून घेतले, आणि नंतरच्या घोषणांकडे ती ज्या डोळ्याने पाहू लागली तो डोळा तेथे तयार झाला, असे मला वाटते.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. सर्व आश्वासने पोकळ ठरली, हे खरे नाही. २१ डिसेंबर २०१९ रोजी नागपूरच्या अधिवेशनात उद्धव ठाकरे ह्यांनी जाहीर केलेल्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत दोन लाखांपर्यंतची थकबाकी माफ झाली, अर्जांच्या रांगा लागल्या नाहीत, याद्या लागल्या आणि पैसे आले. मग अविश्वास का टिकला? ह्याचे उत्तर पुन्हा व्याकरणात शोधावे लागते. त्याच घोषणेत नियमित कर्ज फेडणाऱ्यांसाठी वेगळी तरतूद करण्याचे सूचित होते. त्यांना पन्नास हजारांचे प्रोत्साहन प्रत्यक्ष मिळू लागले ते २०२२ मध्ये, दरम्यान सरकार बदलून. घोषणेचे एक उपवाक्य दोन महिन्यांत खरे झाले आणि दुसऱ्याला जवळजवळ तीन वर्षे लागली. श्रोता वाक्य अखंड घेत नाही. तो उपवाक्ये सुटी मोजतो.

मोजण्याचे साधनही आता त्याच्या हाती आहे. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे ह्यांनी ‘लाव रे तो व्हिडीओ’ म्हणत सत्ताधाऱ्यांची जुनी भाषणे नव्या परिस्थितीशेजारी ठेवली. पाठचिकित्सेचा हा मैदानी प्रयोग होता: दोन पाठ समोरासमोर ठेवावयाचे आणि भेद दाखवावयाचा. सभांना गर्दी लोटली. निकाल लागला तेव्हा ४८ पैकी ४१ जागा सत्ताधारी युतीला गेल्या. पुढे ९ एप्रिल २०२४ रोजी त्याच वक्त्याने त्याच नेतृत्वाला बिनशर्त पाठिंबा जाहीर केला आणि मग लोकांनी त्याचेच जुने पाठ लावले. दाद देणाऱ्या श्रोत्याने मत दिले नाही म्हणून तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली होती. त्याने दाद भाषणाला दिली होती. आवतण जेवणे ही वेगळी गोष्ट आहे.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनात मराठवाड्यासह राज्यातील अनेक गावांच्या वेशींवर राजकीय नेत्यांना गावबंदी असल्याचे फलक लागले. अंतरवाली सराटी येथे मनोज जरांगे ह्यांचे उपोषण २९ ऑगस्टला सुरू झाले होते आणि सरकारला दिलेली मुदत संपत आली होती. आंदोलनाच्या मागणीविषयी मतभेद असू शकतात; ह्या लेखाचा तो विषय नाही. फलक हा भाषणाला दिलेला प्रतिपाठ आहे, हे मात्र समीक्षकाने पाहिले पाहिजे. तो तीन-चार शब्दांचा आहे, त्याला व्यासपीठ नाही, तो लिखित आहे, आणि तो अवधान परत घेतो. त्याच महिन्याच्या २४ तारखेला, दसऱ्याच्या मेळाव्यात, मुख्यमंत्री एकनाथ शिंदे ह्यांनी शिवाजी महाराजांच्या प्रतिमेपुढे नतमस्तक होऊन आरक्षण देण्याची शपथ घेतली. ‘देण्यात येईल’ चालेनासे झाल्यावर वक्त्याला प्रथम पुरुषाकडे, आणि त्याहूनही मागे, प्रतिज्ञेकडे जावे लागले. फलकांमागे आरक्षणाचा आग्रह होता, वक्त्यांच्या भाषेची सुधारणा त्यांनी मागितली नव्हती. तरी ती एका संध्याकाळपुरती झाली.

गावबंदीत मला एक धोकाही दिसतो. सत्ताधाऱ्याने शासिताच्या समोर उभे राहून, त्याच्या चेहऱ्याकडे पाहत बोलावे, असा भाषाव्यवहार सभेखेरीज दुसरा उरलेला नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि बीबीवरून जाणाऱ्या जुन्या रस्त्याची वर्दळ त्याने आपल्याकडे ओढली. मंत्र्यांच्या गाड्याही आता वरून जातात. खामगाव–जालना रेल्वेमार्गाची मागणी इंग्रजी अमदानीपासूनची. तो प्रत्येक निवडणुकीत भाषणात येतो, आणि ते भाषण आता फोनवर पोहोचते. फोनवरच्या भाषणाला ‘कोन करीन’ म्हणून विचारता येत नाही.

२०२४ च्या निवडणुकीत पुन्हा कर्जमाफीचे आश्वासन होते. २८ मार्च २०२५ रोजी अजित पवार ह्यांनी, उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री ह्या नात्याने, शेतकऱ्यांनी ३१ मार्चपर्यंत पीककर्जाचे हप्ते भरावेत असे सांगितले. सरकारकडून ‘योग्य वेळी’ निर्णय घेऊ, असे उत्तर येत राहिले. ‘तत्त्वतः’ ह्या शब्दाचे हे धाकटे भावंड. तो विचार मान्य ठेवून वस्तू दूर नेतो, हा वस्तू मान्य ठेवून काळ. बच्चू कडू ह्यांनी जूनमध्ये गुरुकुंज मोझरीला उपोषण केले आणि ऑक्टोबरच्या अखेरीस ट्रॅक्टर घेऊन शेतकरी नागपूरच्या सीमेवर येऊन बसले. ३० ऑक्टोबर रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस ह्यांच्याशी झालेल्या चर्चेतून ३० जून २०२६ ही तारीख निघाली. रस्त्यावर बसलेल्यांनी क्रियापद बदलून मागितले नाही, विशेषणही मागितले नाही. त्यांनी क्रियाविशेषणाच्या जागी एक अंक घालून घेतला.